छातीचे मांस, कुकरमधील पाणी आणि टॉरिन: घरगुती आहारावरील एका मांजरीचे प्रकरण

पुण्यातील एका सदनिकेत वाढलेली, नसबंदी झालेली पाच वर्षांची देशी मांजर, घरचे नाव मनी, धाप लागते आणि अन्नाला तोंड लावत नाही अशा तक्रारीसाठी तपासणीला आणण्यात आली. आधीच्या लसीकरणाच्या वेळी चार किलोंच्या थोडे वर नोंदलेले तिचे वजन आता साडेतीन किलोंवर आले होते. क्ष-किरण चित्रात छातीच्या पोकळीत पाणी साचलेले दिसले. ते सुईने काढल्यावर श्वास बऱ्यापैकी मोकळा झाला, आणि त्यानंतर केलेल्या टू-डी इकोमध्ये हृदयाचा डावा कप्पा ताणून मोठा झालेला व त्याची भिंत क्षीणपणे आकुंचन पावत असलेली आढळली. मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार नेहमी पाहायला मिळतो. त्याउलट स्नायू दुबळा पडून हृदय फुगणे, म्हणजेच डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, आता इतकी विरळ झाली आहे की ती दिसताच पहिली चौकशी खाण्याची करावी लागते. डोळे तपासले तेव्हा दोन्ही दृष्टिपटलांवर मध्यभागाजवळ आडवा, लंबगोल, चकाकणारा डाग होता, आणि संशय जवळजवळ एकाच पदार्थाच्या, टॉरिनच्या, कमतरतेवर येऊन थांबला. मनीला कमी दिसत असावे अशी शंका घरात कोणालाही आलेली नव्हती. मांजर ओळखीच्या घरात मिशांवर आणि सवयीवर इतके सराईतपणे वावरते की दृष्टी बरीच उणावेपर्यंत ते लक्षात येत नाही.

आहाराविषयी घरच्यांचे पहिले उत्तर असे होते की, "चांगले चिकन देतो, पाकिटातले काही देत नाही." हे उत्तर खरेच होते, पण त्यातून मोजता येण्यासारखे काही हाती लागत नव्हते, म्हणून मांस दुकानातून ताटलीत येईपर्यंत त्याचे काय काय होते ते टप्प्याटप्प्याने विचारले. दीड वर्षापूर्वीपर्यंत मनी पाकिटातील कोरडे अन्न खात असे. त्याने मूत्रपिंडे बिघडतात असे घरातील मुलाच्या वाचनात आले आणि तेव्हापासून घरचे अन्न सुरू झाले. दर रविवारी आठवड्याचे बोनलेस, तेही फक्त छातीचे मांस, बारीक तुकडे करून आणले जाई. घरी आल्यावर ते हळद लावून, पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुतले जाई आणि रोजच्या वाट्याप्रमाणे फ्रीझरमध्ये ठेवले जाई. सकाळी त्यातील एक गोठलेला गोळा नळाच्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात सोडायचा, तो सुटा झाला की ते गुलाबी पाणी मोरीत ओतायचे, मग तुकडे बुडतील एवढे ताजे पाणी घालून कुकरच्या तीन शिट्ट्या करायच्या आणि चाळणीवर निथळून घ्यायचे, असा क्रम ठरलेला होता. निथळलेले मांस हाताने कुस्करून दोन चमचे भातासह मनीला मिळे. कच्च्या मांसाचे वजन रोज साधारण 140 ग्रॅम भरत असे, आणि उष्मांकाच्या दृष्टीने तिच्यासारख्या घरात राहणाऱ्या मांजरीला ते पुरेसे होते. चाळणीखाली उरलेले अळणी पाणी मात्र घरातील लॅब्रेडोरच्या भातावर ओतले जाई, कारण एकदा ते प्यायल्यावर मनीला जुलाब झाले होते आणि कुत्रा मात्र ते चाटूनपुसून खात असे.

याखेरीज आणखी एक गोष्ट कळली, तीही आजींनी सहज बोलता बोलता सांगितली म्हणून. श्रावणात या घरात मांस शिजत नाही. तो महिनाभर मनीला पनीर, दहीभात आणि दूध मिळत असे, आणि पनीर ती आवडीने खात असल्यामुळे त्यात काही उणे आहे असे वाटण्याचे कारण नव्हते. ती पहिल्यांदा धापली ते श्रावण सरल्यानंतरच्या काही आठवड्यांत.

मांसाहारी प्राण्याला रोज मांस देऊनही असा अभाव कसा निर्माण होतो, हा घरच्यांचा प्रश्न रास्त होता. टॉरिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे. टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन संशोधकांनी 1827 मध्ये ते बैलाच्या पित्तातून प्रथम वेगळे केले. इतर अमिनो आम्लांप्रमाणे ते प्रथिनांच्या साखळीत गुंफलेले नसते, तर पेशीतील द्रवात मोकळे असते. हृदयाचा स्नायू, दृष्टिपटल, मेंदू आणि पित्त या ठिकाणी त्याची सतत गरज लागते. कुत्रा आणि माणूस मिथिओनिन व सिस्टीन या अमिनो आम्लांपासून ते यकृतात तयार करतात. मांजराच्या यकृतात हे काम करणारी विकरे (एन्झाइम) इतकी मंद असतात की त्यातून गरज भागत नाही. त्यात भर अशी की पित्ताम्लांना जोड देण्यासाठी मांजराचे शरीर केवळ टॉरिनच वापरते, ग्लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा पर्याय त्याला नाही. त्यामुळे पचनाच्या प्रत्येक फेरीत थोडे टॉरिन आतड्यावाटे जातच राहते आणि ते बाहेरून भरून काढावे लागते.

या अभावाचे डोळ्यांवरील परिणाम 1975 मध्ये हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, आणि त्या प्रयोगाचा तपशील या घराच्या श्रावणाशी थेट जुळतो. त्यांनी मांजरांना प्रथिन म्हणून केसिन दिले होते, आणि त्या मांजरांच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास झाला. पनीर म्हणजे मुख्यतः केसिनच. दुधात मुळात अगदी किरकोळ टॉरिन असते, आणि ते पाण्यात विरघळणारे असल्याने पनीर बांधताना निवळीबरोबर त्यातलेही बरेचसे निघून जाते. हृदयाचा संबंध कळायला आणखी बारा वर्षे लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन, मार्क किटलसन, क्विंटन रॉजर्स आणि जेम्स मॉरिस यांनी 1987 मध्ये असे प्रसिद्ध केले की फुगलेल्या हृदयाच्या मांजरांच्या रक्तद्रवात (प्लाझ्मामध्ये) टॉरिन कमी असते आणि ते दिल्यावर हृदय पूर्ववत होऊ शकते. ती मांजरे बाजारातील तयार अन्नावर होती आणि त्या अन्नातील टॉरिन त्या काळच्या शिफारशींना धरून होते. शिफारसच तोकडी होती. ती वाढवल्यावर हा विकार तयार अन्नावरच्या मांजरांतून जवळपास नाहीसा झाला. आज तो दिसतो तो बहुधा हौसेने आणि प्रेमाने स्वयंपाक होणाऱ्या घरांत, ही वस्तुस्थिती मला घरगुती आहाराच्या बाजूचा असूनही मान्य करावी लागते.

आता ताटलीचा हिशोब. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रकांची संघटना मांजराच्या कोरड्या तयार अन्नात शुष्क भाराच्या, म्हणजे पाणी वगळता उरणाऱ्या वजनाच्या, किमान 0.1 टक्के आणि डबाबंद ओल्या अन्नात 0.2 टक्के टॉरिन असावे असे सांगते. डबाबंद अन्नासाठी आकडा दुप्पट आहे याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. जास्त उष्णतेत शिजलेले प्रथिन पचायला जड होते, न पचलेला भाग आतड्यातील जिवाणूंना पोसतो, आणि ते जिवाणू टॉरिनचा फडशा पाडतात. म्हणजे अन्नात मोजलेले टॉरिन तेवढेच असले तरी मांजराच्या पदरात कमी पडते. मनीच्या जेवणाचा शुष्क भार रोज सुमारे 45 ग्रॅम होत असे. त्यानुसार तिला कोरड्या अन्नाच्या निकषाने 45 मिलिग्रॅम, तर ओल्या अन्नाच्या निकषाने 90 मिलिग्रॅम टॉरिन रोज मिळायला हवे होते. कुकरमध्ये शिजवलेले अन्न मी दुसऱ्या निकषाच्या जवळचे मानतो.

कोंबडीच्या छातीच्या कच्च्या मांसात दर 100 ग्रॅममागे साधारण 18 मिलिग्रॅम टॉरिन आढळलेले आहे. 140 ग्रॅमचे झाले 25 मिलिग्रॅम, आणि हा आकडाही मांस धुण्यापूर्वीचा. त्याच कोंबडीच्या मांडीच्या गडद मांसात 100 ग्रॅममागे 170 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास नऊपट टॉरिन असते. एकाच पक्ष्याच्या दोन अवयवांत एवढी तफावत असण्याचे कारण स्नायूंच्या कामात आहे. दिवसभर उभे राहणारे व चालणारे पाय अविरत, प्राणवायूवर चालणारे काम करतात आणि अशा तंतूंत टॉरिन भरपूर असते. पाळीव कोंबडी उडत नाही, त्यामुळे तिच्या छातीचे पांढरे तंतू क्वचित, झटक्यात वापरले जातात आणि त्यांत ते थोडे असते. जन्मभर न थांबणारे हृदय याच कारणाने टॉरिनने समृद्ध असते. टर्कीच्या गडद मांसात ते 300 मिलिग्रॅमपर्यंत जाते, गोमांसाच्या साध्या स्नायूत 40 ते 45, डुकराच्या पाठीच्या मांसात 60 च्या घरात. समुद्रातील कवचधारी प्राणी सर्वांवर कडी करतात: तिसऱ्यांच्या जातीतील ताज्या शिंपल्यांत 100 ग्रॅममागे 500 मिलिग्रॅमच्या वर नोंद आहे. अंड्यात जवळजवळ नसतेच, आणि भात, डाळ, भाज्या यांचा या हिशोबाशी संबंध येत नाही. अर्थात हे सरासरीचे आकडे आहेत. दोन नमुन्यांत, दोन पक्ष्यांत मोठा फरक पडतो, आणि दुकानातून आणलेल्या मांसाच्या पिशवीवर टॉरिन छापलेले नसते.

या 25 मिलिग्रॅममधून पुढे किती गळाले, हा भाग मला या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. डेव्हिस येथीलच स्पिट्झ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये कच्च्या मालातील टॉरिनचे मापन आणि शिजवण्याचे परिणाम प्रसिद्ध केले. त्यांचा निष्कर्ष असा की पदार्थ पाण्याने वेढलेला ठेवून शिजवला आणि ते पाणी टाकून दिले की टॉरिनची हानी सर्वाधिक होते, तर भाजताना किंवा तळताना बरेचसे टॉरिन मांसात टिकते. उष्णता स्वतः टॉरिनचे फारसे नुकसान करत नाही. ते पेशीतून सुटून पाण्यात उतरते एवढेच. मनीच्या स्वयंपाकघरात पाण्यात उतरण्याच्या तीन संधी होत्या. बारीक तुकडे केल्याने पृष्ठभाग वाढलेला असताना तीन-चार पाण्यांची धुणी ही पहिली. गोठताना पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे गोळा पातेल्यात सुटा होताना येणारे गुलाबी पाणी ही दुसरी, आणि कुकर ही तिसरी. शेवटच्या टप्प्यात निम्मे गेले असे धरले, आणि धुण्या-वितळण्यातील हानी हिशोबातच घेतली नाही, तरी ताटलीत 12 मिलिग्रॅमच्या आसपास उरते. म्हणजे गरजेचा सातवा-आठवा हिस्सा, आणि श्रावणात जवळजवळ शून्य.

कुकरमध्ये गळालेले टॉरिन घराबाहेरही गेले नव्हते. ते अळणी पाण्यावाटे लॅब्रेडोरच्या भातात जात होते, म्हणजे घरातील ज्या प्राण्याला ते स्वतः तयार करता येते त्याच्याच पोटात. कुत्रा त्याच मांसाचे पाणी खाऊन तकतकीत राहिल्याने घरच्यांचा या आहारावरील विश्वास वाढत गेला होता, हेही ओघाने आले. कुत्र्यांना टॉरिनचा प्रश्न कधीच येत नाही असे मात्र कोणी समजू नये. गोल्डन रिट्रिव्हर, न्यूफाउंडलंड, अमेरिकन कॉकर स्पॅनियल या जातींत टॉरिनच्या कमतरतेशी जोडलेला हृदयविकार नोंदलेला आहे, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित, डाळी-वाटाण्यांवर आधारलेल्या श्वानआहाराबाबत चौकशी जाहीर केली तेव्हा टॉरिनची चर्चा पुन्हा झाली. तो स्वतंत्र आणि बराच गुंतागुंतीचा विषय आहे.

अशा वेळी हमखास येणारा आक्षेप आजींकडूनही आला: वाड्यातील मांजरे दूध-पोळीवर बारा-बारा वर्षे जगली, त्यांना कोणी टॉरिन दिले नव्हते. त्या मांजरांना टॉरिन मिळत होते, ते फक्त घरच्यांच्या हिशोबात नव्हते. उंदीर, चिचुंद्री, पाल, पाखरू अख्खे खाल्ले की हृदय, मेंदू आणि पायांचे स्नायू त्यात आलेच. मनी चौथ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या गॅलरीत राहते. ताटलीबाहेर तिला काहीही मिळत नाही.

निदान पक्के करण्याचा रूढ मार्ग रक्तातील टॉरिन मोजण्याचा आहे. पूर्ण रक्तात प्रति मिलिलिटर 200 नॅनोमोल आणि रक्तद्रवात 40 नॅनोमोल या मर्यादांखाली धोका मानला जातो. त्यातही पूर्ण रक्ताचा आकडा अधिक भरवशाचा, कारण रक्तद्रवातील पातळी शेवटच्या जेवणाने वरखाली होते आणि नमुना हाताळताना पेशी फुटल्या तर खोटी वाढलेली दिसते. येथे नमुना दूर पाठवून उत्तराची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. रुग्ण अत्यवस्थ होती, आहाराचा हिशोब स्पष्ट होता, दृष्टिपटलावरील डाग त्याला दुजोरा देत होते, आणि टॉरिन तोंडाने देण्यात धोका नगण्य आहे, कारण जादाचे मूत्रावाटे निघून जाते. त्यामुळे छातीतील पाणी उतरवणारी व हृदयाला बळ देणारी औषधे सुरू करतानाच टॉरिन 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कॅप्सूल उघडून चमचाभर अळणीत मिसळून, सुरू केले. कॅप्सूल केवळ टॉरिनचे असावे, त्यात कॅफीन वा गोड करणारे पदार्थ नसावेत, हे औषधाच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहून दिले. उत्तेजक पेयांच्या डब्यावर टॉरिन लिहिलेले असते म्हणून ते पाजू का, अशी विचारणा होते, त्यामुळे हे लिहावेच लागते.

स्वयंपाकघरातील बदल त्यामानाने सोपे होते, पण घरच्यांच्या मनातील चांगल्या मांसाच्या कल्पनेला धक्का देणारे होते. छातीच्या जागी कातडी काढलेल्या मांडीचे मांस, रोज 100 ग्रॅम. त्यासोबत कोंबडीची हृदये 25 ग्रॅम. ही हृदये दुकानात कलेजी-पेट्याबरोबर येतात आणि वेगळी मागितली तर काढून मिळतात. मांस एकदाच, मोठ्या तुकड्यांत असतानाच धुवावे. फ्रीझरमधील डबा आदल्या रात्री झाकणासह फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा आणि त्यात सुटलेले पाणी मांसाबरोबरच शिजवावे. कुकरऐवजी झाकणाच्या कढईत अगदी थोड्या पाण्यात मंद आचेवर शिजवावे. आणि कढईत उरलेला रस सगळा मनीच्या ताटलीत यावा. जुलाबाच्या अनुभवामुळे रसाला विरोध झाला, तेव्हा थंड करून वर गोठलेली चरबी काढून टाकण्याचा तोडगा काढला आणि तो चालला. मांडीच्या 100 ग्रॅममधून, रस न गमावता, 170 मिलिग्रॅमच्या जवळपास टॉरिन अपेक्षित आहे, हृदयांचे वेगळे.

कलेजी वाढवावी का, असे विचारले गेले. तिच्यात टॉरिन चांगले असते हे खरे, पण टॉरिनसाठी तिचा आधार घेऊ नये. तिच्यातील अ जीवनसत्त्व मांजराच्या शरीरात साठत जाते आणि सततच्या अतिरेकाने मानेचे मणके एकमेकांना जुळून जाण्यापर्यंत मजल जाते. रोज पाच-सहा ग्रॅम, त्याहून अधिक नको. कच्चे मांस दिले तर शिजवण्यातील हानीच टळेल, हा युक्तिवाद मुलाचा होता. डेव्हिस येथेच अख्खा ससा कच्चा दळून खाऊ घातलेल्या मांजरांपैकी एक टॉरिनच्या अभावाने झालेल्या हृदयविकाराने दगावले होते, एवढे त्याला सांगितले. मांस कच्चे असो की शिजलेले, मूळ मालात कमी असेल किंवा साठवणुकीत जिवाणूंनी खाल्ले असेल, तर ताटलीत येणार नाही.

मूळ आहारातील टॉरिन हे एकच भगदाड नव्हते. हाडाविना मांसावर वाढणाऱ्या मांजराला कॅल्शियम जवळजवळ मिळत नाही आणि स्फुरद भरपूर मिळते. थायमिन, ई जीवनसत्त्व आणि आयोडीन यांचीही वानवा असते. त्यासाठी मोजून दिलेले पूरक मिश्रण वेगळे ठरवून दिले. टॉरिनच्या बाबतीत माझे मत असे आहे की मांडी आणि हृदय कितीही नेमाने वापरले तरी घरगुती आहारावरील प्रत्येक मांजराला वरून टॉरिन द्यावेच. मांसातील आकडे सरासरीचे असतात, स्वयंपाक करणारे हात बदलतात, पाहुणे आले की रस पुन्हा मोरीत जातो, आणि कॅप्सूलची किंमत या सगळ्या अनिश्चिततेपुढे क्षुल्लक आहे. म्हणून उपचाराचा डोस संपल्यावरही 250 मिलिग्रॅम रोज एकदा कायम ठेवले.

तिसऱ्या आठवड्यात मनी स्वतःहून खाऊ लागली. झोपेतील श्वास मोजून लिहून ठेवण्याचे काम आजींनी घेतले होते. मिनिटाला तीसच्या खाली तो स्थिर राहू लागल्यावर पाणी उतरवणारे औषध टप्प्याटप्प्याने कमी केले. चौथ्या महिन्यातील इकोमध्ये डावा कप्पा जवळपास नेहमीच्या आकाराचा आणि आकुंचन समाधानकारक होते, त्यामुळे हृदयाची औषधेही थांबवता आली. दृष्टिपटलावरील डाग जसेच्या तसे आहेत आणि तसेच राहतील, कारण तेथील नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. ते वाढलेले नाहीत एवढेच समाधान.

श्रावणाची व्यवस्था आजींशी बोलून ठरली. त्या महिन्यात घरात मांस शिजणार नाही आणि मनीला पनीरही मिळणार नाही. तिला गॅलरीत, तिच्या वेगळ्या ताटलीत, प्रौढ मांजरासाठी संपूर्ण आहार असा स्पष्ट उल्लेख असलेले आणि घटकांच्या यादीत टॉरिन नमूद केलेले पाकिटातील अन्न दिले जाईल. एकदम बदलाने मांजर उपाशी बसते, म्हणून आषाढाच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ते थोडे थोडे मिसळायला सुरुवात करायची आहे.